पिस्तुलांच्या तक्त्यात हाताला रकाना नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांची तुलना करणारा लेख आणि त्यासोबत पानभर तक्ता आला होता. माझ्या भाचीने तो कापून, घडी घालून आणला आणि समोर ठेवून विचारलं, "मामा, यातलं चांगलं कुठलं?" दहा नावं आणि सहा रकाने: कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), मॅगझिनमध्ये मावणारी काडतुसं, वजन, नळीची लांबी, चौकट (खालचा सांगाडा) कशाची, बनावट कुठल्या देशाची. उजव्या टोकाला तारे. मी ३४ वर्षं आर्मरर म्हणून काम केलं. म्हणजे पिस्तुलं जेवढी चालवली त्याच्या कितीतरी पट जास्त उघडली, पुसली आणि पुन्हा जोडली. तक्ता दोनदा वाचला. आकड्यांत खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तरीही त्यावरून तिला पिस्तूल निवडता येणार नाही हे मला दिसत होतं. म्हणून हे पत्र. लांब होईल, पण कात्री आपल्याच हातात आहे.

आधी शब्दांचं बोलतो. लेखात 'घोडा दाबताच गोळी सुटते' असं वाक्य आहे. बोटाने ओढतो तो चाप. घोडा मागच्या बाजूला असतो आणि चाप ओढला की तो पडतो. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना तर घोडाच नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाऊन काडतुसावर आदळणारी पिन, असतो. मॅगझिनमध्ये भरायची ती काडतुसं. काडतुसाच्या टोकाला बसवलेला, नळीतून बाहेर जाणारा तुकडा म्हणजे गोळी. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा पुढे-मागे सरकणारा वरचा भाग, मागे येताना बाहेर उडते ती काडतुसाची रिकामी पुंगळी. हा शब्दांचा कीस वाटेल, पण चाप आणि घोडा ज्याला एकच वाटतात त्याला सिंगल ॲक्शन आणि डबल ॲक्शन यांतला फरक समजावताना घाम फुटतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

तर चापापासूनच सुरुवात करतो, कारण तक्त्यात त्याचं नावही नव्हतं.

१९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं कोल्ट घ्या. ते सिंगल ॲक्शन. घोडा आधीच मागे ओढलेला असतो, चापाने तो फक्त सोडायचा. ओढ छोटी आणि हलकी. १९२९ च्या वाल्थर पीपीपासून डबल ॲक्शन पिस्तुलांचा जम बसला. त्यात पहिल्या वेळी चाप ओढताना घोडा मागेही जातो आणि पडतोही. ही पहिली ओढ लांब असते आणि साधारण साडेचार-पाच किलोंची भरते. ती गोळी सुटली की स्लाइड घोडा मागे ठेवून जाते, मग दुसरी ओढ येते दोन-अडीच किलोंची. बेरेटा ९२ आणि सीझेड ७५ ही याच घराण्यातली. एकाच मुठीत दोन चाप घेऊन फिरावं तसा हा प्रकार आहे. शिकाऊ मंडळींचे कागद मी इतके पाहिलेत की पाच भोकांतलं पहिलं कोणतं ते न विचारता दाखवायचो. उजव्या हाताने मारणाऱ्याचं ते खाली आणि डावीकडे, बाकीच्या चारांपासून फटकून असायचं. जड चाप खेचताना अख्खा पंजा आवळला जातो, त्याची ती खूण.

मग आले स्ट्रायकरवाले. यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने निवडलेलं ग्लॉक १७. पहिल्यापासून शेवटपर्यंत चापाची ओढ एकसारखी, अडीच किलोंच्या आसपास. शिकवणाऱ्याला हे सोपं जातं. पण बाहेर हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नाही. चापाच्या पात्यातली छोटी पट्टी आणि आतले दोन अडसर, एवढ्यावर सगळं. आणखी एक गोष्ट: हे पिस्तूल साफ करायला उघडताना आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढलं, पण चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, पाहायचं राहून गेलं, तर काय होईल ते सांगायला नको. घेणाऱ्याला उघडण्याची ही रीत आधी माहीत असलीच पाहिजे. आराखडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वतःची धांदरट सवय स्वतःला माहीत असते, ती तक्त्याला माहीत नसते एवढंच.

चाप तपासायचा कसा? मालकाची परवानगी घ्यायची, मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहायचं, करंगळी आत घालून बोटानेही पाहायचं. मग सुरक्षित दिशेला धरून सावकाश ओढायचं. सुरुवातीला चाप सैल येतो. नंतर एक भिंत लागते. त्या भिंतीपाशी खरी परीक्षा. चांगला चाप तिथे काचेची कांडी मोडावी तसा मोडतो. वाईट चाप खडबडीत रस्त्यावरून ओढत नेल्यासारखा सरकत राहतो आणि कधी सुटेल याचा अंदाज देत नाही. सुटल्यानंतर तो मागे किती जातो आणि पुढच्या गोळीसाठी किती पुढे सोडावा लागतो, हेही बोटाला मोजू द्यायचं. यासाठी वजनकाटा मिळतो आणि माझ्याकडे तो आहे. पण तीन किलोंचा स्वच्छ चाप दोन किलोंच्या खरखरीत चापापेक्षा बरा, हे काटा सांगत नाही. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरचं पिस्तूल मात्र असं रिकामं चालवू नये. त्याच्या काडतुसाची दारू पेटते ती बुडाच्या कडेवर आघात होऊन, त्यामुळे चेंबर रिकामं असेल तर पिन नळीच्या कडेवर आदळते आणि तिथे खड्डा पडू शकतो. नेमबाजीच्या चांगल्या पिस्तुलांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते, ती आहे का ते विचारावं.

सेफ्टीच्या खटक्याविषयी एक गोष्ट मला तक्त्यात हवीच होती. कोल्ट १९११ चा खटका वर केला की बंद आणि खाली केला की चालू. बेरेटा ९२ एफएसचा खटका स्लाइडवर असतो आणि तो खाली केला की बंद, वर केला की चालू. नेमकं उलटं! शिवाय बेरेटाचा तोच खटका घोडाही सुखरूप खाली उतरवतो. सीझेड ७५ च्या मूळ आराखड्यात घोडा उतरवायची वेगळी सोय नाही. भरलेल्या पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने धरून, चाप ओढून, हळूहळू खाली सोडावा लागतो, आणि अंगठ्याला घाम असेल तर ती फार वाईट जागा आहे. ज्याच्याकडे आधीच एक पिस्तूल आहे आणि जो दुसरं घेतोय, त्याने दोन्हींचे खटके एकाच दिशेने चालतात का एवढं जरी पाहिलं तरी तारे मोजण्यापेक्षा जास्त मिळवलं. घाईत हात जुन्या सवयीनेच चालतो.

आता हात. माझी भाची डावखुरी आहे आणि तिचा पंजा लहान आहे. हवेच्या पिस्तुलावर ती दोन वर्षं आहे, आता २५ मीटरच्या प्रकारात उतरायचं म्हणून पॉइंट टू टू घ्यायचं आहे. तिने तक्त्यात मॅगझिनच्या रकान्याखाली रेघ मारून ठेवली होती: १७, १५, १३, १०. मी विचारलं, तुमच्या स्पर्धेत एका मालिकेत किती गोळ्या? म्हणाली, पाच. एका वेळी भरायची परवानगी किती? पाच. मग १७ चं काय करणार, असं विचारल्यावर हसली आणि रेघ खोडली.

मॅगझिन जाड झालं की मूठ जाड होते, हा सरळ हिशेब आहे. दोन रांगांत काडतुसं बसवायची तर लोखंडाला जागा लागते. ही कला पहिल्यांदा नीट जमली ती १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये. १३ काडतुसं आणि तरी मूठ आटोपशीर. ब्राउनिंग १९२६ मध्येच वारला, पुढचं काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने तडीस नेलं. नंतर अनेकांना १३ ची १५ आणि १५ ची १७ करता आली, पण मुठीची ती ऐट सगळ्यांना जमली नाही. मुठीच्या मागच्या कडेपासून चापापर्यंतचं अंतर, ज्याला मी 'पोच' म्हणतो, ते बघायला फूटपट्टी लागत नाही. नळी मनगटाच्या सरळ रेषेत ठेवून मूठ धरायची आणि तर्जनी चापावर ठेवायची. पहिल्या पेराचा मांसल भाग चापाच्या मधोमध आला तर पोच बरोबर. फक्त टोक टेकत असेल तर चाप ओढताना नळी एका बाजूला ढकलली जाईल. बोट पहिल्या सांध्याच्याही आत शिरत असेल तर दुसऱ्या बाजूला. डबल ॲक्शन पिस्तुलात हे पहिल्या लांब ओढीच्या जागेवर पाहायचं, कारण तिथे चाप सगळ्यात पुढे असतो. दुकानात घोडा मागे ओढून हातात दिलेल्या पिस्तुलाला भुलून घेणारे मी पाहिलेत. हल्ली मुठीच्या मागे लहानमोठी पाठ बदलून लावता येते. ही खरोखर कामाची सोय आहे, आणि जाहिरातीत तिला सगळ्यात बारीक अक्षरांत जागा मिळते.

डोळे मिटायचे, हात समोर उचलायचा, डोळे उघडायचे. माशी, म्हणजे पुढच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली तर मुठीचा कोन तुमच्या मनगटाचा आहे. माशी वर दिसली किंवा खाली बुडाली तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटाचा आहे. भाचीने पाच पिस्तुलांवर हे केलं. दोन तिथेच बाद झाली, त्यातलं एक आपल्या तक्त्यात पाच तारे मिळवून बसलेलं.

डावखुऱ्यांचा प्रश्न वेगळा. मॅगझिन सोडायची कळ, स्लाइड अडवायचा खटका, सेफ्टी, सगळं डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्यासाठी. पुंगळी उजवीकडे उडते आणि डाव्या हाताने मारताना ती कधी कधी थेट तोंडावरून जाते. चष्मा सगळ्यांनीच लावायचा, पण डावखुऱ्याने विसरूनही विसरू नये. 'दोन्ही हातांसाठी' असं लिहिलेलं असलं तरी पाहावं, कारण पुष्कळदा सेफ्टी दोन्हीकडे असते, पण मॅगझिनची कळ एकाच बाजूला. ती उलटी बसवता येते का हे विचारायला हवं.

वजनाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. तिथे रिकाम्या पिस्तुलाचं वजन दिलं आहे. ९ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. १७ भरली की दोनशे ग्रॅम वाढले, आणि ते सगळे मुठीत. पिस्तूल रिकामं होत जातं तसं ते पुढच्या बाजूला जड वाटू लागतं. हलक्या चौकटीच्या पिस्तुलात हा फरक जास्त जाणवतो. कमी वजन पाठीवर वागवताना चांगलं, गोळी सोडताना मात्र तेवढाच धक्का हलक्या वस्तूने हाताला दिलेला असतो. लेखात कमी वजनाला जास्त तारे आहेत. का, ते कळलं नाही.

नळीच्या लांबीपेक्षा मी माशी आणि खाच यांच्यातलं अंतर विचारेन. हे अंतर १६५ मिलिमीटर धरा आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला राहिली असं समजा. २५ मीटरवर ती चूक १५ सेंटिमीटरची होते. तेच अंतर २२० मिलिमीटर असेल, आणि २५ मीटरच्या पॉइंट टू टू स्पर्धेत तेवढीच कमाल मर्यादा आहे, तर चूक ११ सेंटिमीटरच्या थोडी वर. त्या कागदावरचं दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे हिशेब मिलिमीटरच्या अंशांत आहे. खाच स्क्रूने सरकवता येते का, तिचे टप्पे कानाला ऐकू येतात का, बाजूने बोट लावलं तर ती डुगडुगते का, हे सगळं हातात घेऊनच कळतं. माशीवर आणि खाचेवर काढलेले तीन पांढरे ठिपके काळोखात बरे. उजेडात कागदावर नेम धरताना मला ते डोळ्यांत टोचतात. माझं वय त्याला कारण असेल.

आता मॅगझिन. इथे मी स्वतः हात पोळून घेतलेले आहेत. तरुणपणी मी एक पिस्तूल केवळ देखणेपणावर भाळून घेतलं. निळसर काळी झिलई, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, स्लाइड फिरवली की लोण्यातून सुरी जावी तशी जायची. बनवणाऱ्याचं नाव इथे नको. सोबत एकच मॅगझिन होतं. दोनेकशे गोळ्यांनंतर तिसरं-चौथं काडतूस नाक वर करून अडायला लागलं. मी नळीचं तोंड तपासलं, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा आकडा, बदलला, स्प्रिंग बदलली. दोष होता मॅगझिनच्या वरच्या ओठांत. पत्रा पातळ होता, जरासा फाकला होता. दुसरं मॅगझिन मिळवायला मला तीन वर्षं लागली, कारण ती कंपनी ते वेगळं विकतच नव्हती. तीन वर्षं ते देखणं पिस्तूल पेटीत पडून होतं आणि मी मित्राचं ओबडधोबड पिस्तूल मागून सराव करत होतो.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये अडकण्याच्या ज्या तक्रारी माझ्या टेबलावर आल्या त्यांत अर्ध्याहून जास्त वेळा मी पिस्तूल बाजूला ठेवून आधी मॅगझिन उघडलं आणि दुखणं तिथेच सापडलं. तुलना करताना प्रत्येक पिस्तुलाची दोन मॅगझिनं मागावीत. कळ दाबली की रिकामं मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडतं की बोटांनी ओढावं लागतं? रिकामं घातलं आणि स्लाइड मागे ओढली तर ती तिथे अडकते का? आतला फॉलोअर, म्हणजे काडतुसं वर ढकलणारी पट्टी, बोटाने दाबला तर सरळ खाली जातो की एका अंगाला कलंडतो? ओठांच्या कडा दोन्हीकडे सारख्या आहेत का? तळ उघडून स्प्रिंग धुता येते का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आणखी चार मॅगझिनं विकत मिळतात का? पॉइंट टू टूमध्ये तर काडतुसाच्या बुडाला कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकली की ते पुढे सरकतच नाही. त्यामुळे तिथे मॅगझिन भरणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. भाचीला मी ते अर्धा तास करायला लावलं, ती वैतागली.

स्लाइड ओढण्याविषयी एक समज खोडायचा आहे. लेखात हाताला जोर कमी असेल तर लहान कॅलिबरचं छोटं पिस्तूल घ्यावं असं सुचवलं आहे. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना आता संधिवात आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, नेहमी तसं नसतं. पॉइंट थ्री एट झिरो किंवा मकारोव्हच्या ९ बाय १८ या छोट्या काडतुसांची बहुतेक जुनी पिस्तुलं ब्लोबॅक असतात. नळी चौकटीला पक्की, आणि धक्का थोपवायचं सगळं काम स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांनी करायचं. म्हणून स्प्रिंग कडक. ९ बाय १९ काडतुसाच्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड आधी एकमेकींत अडकून मागे येतात, मग नळी खाली कलते आणि सुटते. दाब तोवर उतरलेला असतो, स्प्रिंग मऊ ठेवली तरी चालते. त्यामुळे एखादं मोठं पिस्तूल मी आजही सहज ओढतो आणि खिशात मावणाऱ्या चिमुकल्याशी कुस्ती करतो. त्यात सीझेड ७५ सारख्यांची स्लाइड चौकटीच्या आतल्या बाजूने धावते, त्यामुळे धरायला धातू कमी उरतो. ज्याला ओढायचं आहे त्यानेच ओढून पाहावं, दहा वेळा.

'दर्जा' या शब्दावर लेखात बरंच लिहिलं आहे आणि ते सगळं बाहेरच्या झिलईबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात बनलेली वाल्थर पी ३८ माझ्या हाताखालून गेली आहेत. बाहेर कानशीचे आणि कटरचे ओरखडे तसेच, कुणाला घासायला वेळ नव्हता. पण नळी, चेंबर, अडकवणारा ठोकळा या जागा नीट केलेल्या. आणि ती चालायची. दर्जा पाहायचा तर स्लाइड काढून चौकटीतून नळीकडे जाणारा उतार पाहा. तो गुळगुळीत आहे का, की त्यावर पायऱ्या आहेत? एक्स्ट्रॅक्टरची नखी धारदार आहे की गोलावली आहे? नळीच्या तोंडाची कड चारी बाजूंनी सारखी आहे का? गोळी सुटतानाचा शेवटचा स्पर्श त्या कडेचा, तिथे एक बारीक टोचा असला तरी ती भरकटते. वापरलेलं पिस्तूल असेल तर नळीतून उजेड पाहताना आडवं कडं दिसतंय का ते बघा. कडं म्हणजे कधीतरी आत काहीतरी अडलेलं असताना गोळी सोडली गेली आहे. तिथून पुढे बघायचं नाही, पिस्तूल परत द्यायचं. स्लाइड चौकटीवर जराशी खडखडली तर मात्र घाबरू नका. नळी आणि स्लाइड बंद असताना नळीच्या मागच्या भागावर अंगठा दाबा, ती हलली तर खरं कारण.

प्लॅस्टिकची चौकट म्हणून नाक मुरडणारे अजून भेटतात. हेक्लर अँड कॉखचं व्हीपी ७० हे १९७० चं, म्हणजे हा प्रयोग अर्ध्या शतकाहून जुना आहे. दाब सोसतात ती नळी आणि स्लाइड पोलादीच असते, आणि स्लाइड ज्यावर धावते त्या पट्ट्याही धातूच्याच. प्लॅस्टिकचं पिस्तूल तपासणी यंत्राला दिसत नाही, ही तर भाकडकथा आहे.

बनावटीच्या देशाचा रकाना मी काढूनच टाकेन. सीझेड ७५ चेकोस्लोव्हाकियात कौत्स्की बंधूंनी रेखाटलं, आणि त्याच वळणाची पिस्तुलं पुढे इटलीत बनली, इस्रायलमध्येही बनली. एकाच आराखड्याचे भाऊबंद, पण उष्णतेची प्रक्रिया वेगळी, स्प्रिंग वेगळी, तपासणारा माणूस वेगळा. देशाचा झेंडा पाहून यातलं काहीच कळत नाही. नळीवर आणि स्लाइडवर जास्त दाबाच्या चाचणीचा शिक्का आहे का ते कळतं, आणि ते पाहावं.

शेवटी काडतुसं. १९११ च्या कोल्टने निवडीच्या परीक्षेत दोन दिवसांत ६,००० गोळ्या न अडकता सोडल्या, ही हकीकत सगळे सांगतात. ती त्या काडतुसांसह घडली हे कुणी सांगत नाही. भाचीच्या पिस्तुलाला आम्ही तीन बनावटींची पॉइंट टू टू काडतुसं घालून पाहिली, टेकण लावून, २५ मीटरवर. एकाने पाच गोळ्या सुपारीएवढ्या जागेत ठेवल्या. दुसऱ्याने तळहाताएवढ्या. तिसऱ्याने दर दोन मॅगझिनांमागे एकदा पुंगळी स्लाइडच्या फटीत उभी अडकवली. पिस्तूल तेच, मनगट तेच. पहिली बनावट नियमित मिळते का हे विचारून मगच आम्ही होकार दिला.

तिने घेतलं ते पिस्तूल आपल्या तक्त्यात नव्हतंच. मॅगझिन चापाच्या पुढे, त्यामुळे मूठ मोकळी, लाकूड डाव्या हातासाठी वेगळं कोरलेलं, चाप पुढे-मागे सरकवता येतो. पाच काडतुसं. नियमाप्रमाणे चाप किमान १,००० ग्रॅमचा हवा. नळी उभी धरून एक किलोचं वजन चापाने उचलून दाखवावं लागतं. तिचा १,०४० ला लावून दिला. चाळीस ग्रॅम माझ्या भित्रेपणाचे, ऐन स्पर्धेत तपासणीत नापास व्हायला नको म्हणून. दिसायला ते एखाद्या ड्रिल यंत्रासारखं आहे असं तिच्या आईचं मत पडलं.

परवाना, वय, साठवण यांचे नियम ज्या त्या ठिकाणचे, त्यात मी शिरत नाही. फक्त पेटी आणि कुलूप पिस्तुलाच्या आधी घरात यावं आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी, हे कुठेही लागू आहे.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा देशाचा रकाना काढून तिथे चापापर्यंतची पोच मिलिमीटरमध्ये द्या. डबल ॲक्शन असेल तर दोन आकडे द्या. सेफ्टी कुठल्या दिशेने चालते त्याला एक बाण पुरेल. आणि सुटं मॅगझिन मिळतं की नाही, एवढं हो किंवा नाही.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
(नाव छापू नये ही विनंती)

ता. क. : लेखाच्या डोक्यावर मोठं चित्र छापलं आहे ते रिव्हॉल्वरचं आहे. त्यात सहा भोकांचं चक्र स्पष्ट दिसतं. भाचीनेच दाखवलं.